बऱ्हाणपूरच्या न्यायालयातील वॉरंट: शोध आणि निरसन

न्यायालयाने काढलेले अटकेचे वॉरंट जुने झाले म्हणून संपत नाही. ते बजावले जाईपर्यंत, किंवा ज्या न्यायालयाने काढले त्याच न्यायालयाने ते रद्द करीपर्यंत अमलात राहते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये हे स्पष्ट आहे आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ७० हेच सांगत होते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी मारामारीच्या किंवा जुगाराच्या खटल्यात एक पेशी चुकवून सुरतेला अथवा भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेलेला माणूस दिवाळीला घरी आल्यावर त्याच कागदावर पकडला जाऊ शकतो. मध्ये त्याने कोणताही नवा गुन्हा केलेला नसतो. फिर्यादीशी गावातल्या पंचांसमोर समेट झालेला असतो, कधी फिर्यादी हयातही नसतो. पण न्यायालयाच्या फायलीत समेट नोंदवला गेला नाही आणि आरोपी हजर झाला नाही, तर वॉरंट तसेच राहते.

बऱ्हाणपूर जिल्ह्यात ही अडचण जास्त जाणवते, कारण इथली माणसे रोजगारासाठी, सोयरिकीसाठी आणि व्यापारासाठी सतत राज्याची हद्द ओलांडत असतात. इच्छापूर मागे टाकले की महाराष्ट्र सुरू होतो. सासर रावेरला, माहेर शहापूरला, शेत मुक्ताईनगरकडे आणि खटला बऱ्हाणपुरात, असे कितीतरी कुटुंबांचे असते. न्यायालय एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात आणि समन्स तिसऱ्याच पत्त्यावर, यातून पुष्कळ वॉरंटे निघतात. पळून जाण्याचा हेतू त्यातल्या फार थोड्यांमागे असतो.

वॉरंट कधी आणि कोणते निघते

न्यायालय बहुधा आधी समन्स पाठवते. समन्स घरातल्या प्रौढ व्यक्तीकडे देता येते. जुन्या कायद्यात ही व्यक्ती पुरुषच असावी लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ती अट काढली. त्यामुळे घरातल्या आईने किंवा पत्नीने सही करून घेतलेला कागद आता बजावणी म्हणून धरला जातो, आणि तो डब्यात पडून राहिला तरी ‘समन्स मिळालेच नाही’ असे म्हणता येत नाही.

समन्स बजावूनही माणूस आला नाही, किंवा तो येणार नाही असे मानण्यास कारण असले, तर कलम ९० खाली वॉरंट निघते. जामिनावर सुटलेला आरोपी पेशीला गैरहजर राहिला तर कलम ९२ खाली थेट अटकेचा हुकूम होऊ शकतो. या दुसऱ्या प्रकारची वॉरंटे सर्वांत जास्त दिसतात. जामीन मिळाला म्हणजे खटला संपला, हा समज त्यांच्या मुळाशी असतो.

जामीनपात्र वॉरंटावर, ज्याला इथे सर्रास जमानती वारंट म्हणतात, किती रकमेचा मुचलका, किती जामीनदार आणि कोणत्या तारखेला हजर राहायचे हे लिहिलेले असते. तेवढी पूर्तता केली की पोलीस त्या माणसाला ठाण्यातूनच सोडतात. अजामीनपात्र वॉरंटावर, म्हणजे गिरफ्तारी वारंटावर, पोलिसांना तसे सोडता येत नाही. पकडलेल्या माणसाला न्यायालयापुढे उभे करावेच लागते.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. वॉरंट अजामीनपात्र असले म्हणून गुन्हा अजामीनपात्र ठरत नाही. न वटलेल्या धनादेशाचा गुन्हा जामीनपात्र आहे, तरी त्या खटल्यात वारंवार गैरहजर राहणाऱ्यावर अजामीनपात्र वॉरंट निघते. असा माणूस स्वतः हजर झाला तर जामिनाचा प्रश्न मूळ गुन्ह्याच्या स्वरूपावर ठरतो. मात्र आधीच्या जामिनाची अट त्याने मोडली असेल, तर जामीनपात्र गुन्ह्यातही न्यायालय त्याच प्रकरणात जामीन नाकारू शकते. कलम ४७८ मध्ये तशी तरतूद आहे.

आरोपी बराच काळ सापडला नाही की प्रकरण फरारीत जाते आणि स्थायी वारंट निघते. फाइल अभिलेख कक्षात जाते, पेशीची तारीख पडणे थांबते, पण ठाण्याच्या नोंदवहीत नाव राहते. सहआरोपी सुटले की आपलेही प्रकरण मिटले, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात निकाल हजर असलेल्यांपुरता लागलेला असतो आणि गैरहजर राहिलेल्याचा खटला त्याच्या अटकेची वाट पाहत पडून राहतो.

साक्षीदारालाही वॉरंट निघते. पंचनाम्यावर सही केलेला शेजारी, अपघात पाहिलेला दुकानदार, जखमी माणसाला तपासणारा डॉक्टर, यांपैकी कोणीही समन्स मिळून आला नाही तर न्यायालय त्याला पोलिसांकरवी बोलावू शकते. अशा वॉरंटात घाबरण्यासारखे फार नसते. पुढच्या तारखेला जाऊन साक्ष दिली की ते संपते.

वॉरंट आहे की नाही, हे कसे शोधावे

शोधाची सुरुवात आठवणीपासून करावी. कधी अटक झाली होती का, कोणाला जामीनदार राहिलो होतो का, कोणाला दिलेला धनादेश परत गेला होता का, पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज झाला होता का, दारूबंदी, जुगार किंवा वाहनाच्या एखाद्या किरकोळ प्रकरणात कागदावर सही केली होती का, याची यादी वर्षासकट लिहून काढावी. कुटुंबातल्या इतरांनाही विचारावे. पोलीस एकदा घरी येऊन गेले होते, हे पुष्कळदा घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच आठवत असते.

पुढची पायरी ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी संकेतस्थळाची किंवा त्याच नावाच्या मोबाइल अॅपची. तिथे राज्य मध्य प्रदेश, जिल्हा बऱ्हाणपूर निवडून पक्षकाराच्या नावाने, प्रकरण क्रमांकाने, वकिलाच्या नावाने किंवा पोलीस ठाणे आणि प्रथम खबरी अहवालाचा क्रमांक घालून शोध घेता येतो. नावाने शोधताना वर्ष द्यावे लागते. वर्ष नक्की आठवत नसेल तर एकेक वर्ष बदलून पाहावे. प्रलंबित आणि निकाली असे दोन पर्याय दिसतात. दोन्ही पाहणे आवश्यक आहे, कारण फरारीत टाकलेले प्रकरण प्रलंबित यादीत सापडेलच असा भरवसा नाही.

मराठी माणसाचे नाव मध्य प्रदेशच्या नोंदीत वेगळ्या रूपात असते आणि शोध बहुतेक वेळा इथेच अडतो. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. बऱ्हाणपूरच्या कागदांत ‘रमेश पिता सुरेश’ असे लिहिण्याची पद्धत आहे आणि आडनाव कधी असते, कधी नसते. ‘पाटील’मधली ‘टी’ तिथे ह्रस्व होते, चौधरी आणि महाजन यांची इंग्रजी अक्षरे दर वेळी निराळी असतात, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीची नोंद माहेरच्या नावावर राहून जाते. म्हणून केवळ नाव, नाव आणि वडिलांचे नाव, केवळ आडनाव, अशा निरनिराळ्या तऱ्हेने शोधावे. उलट दिशेचा धोकाही आहे. एकाच नावाची दोन माणसे एका गावात असतात, तेव्हा वडिलांचे नाव, वय आणि पत्ता जुळल्याशिवाय प्रकरण आपलेच असे धरू नये.

प्रकरण सापडले की त्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक उतरवून घ्यावा. मध्य प्रदेशातील प्रकरणाचा क्रमांक एमपी या अक्षरांनी आणि महाराष्ट्रातील एमएच या अक्षरांनी सुरू होतो. हा क्रमांक हाती असला की पुढची चौकशी सोपी होते. प्रकरणाच्या पानावर न्यायालय, पुढची तारीख, टप्पा आणि आधीच्या तारखांचा इतिहास दिसतो. पण वॉरंट निघाल्याचे तिथे स्पष्ट लिहिलेले असेलच असे नाही, आणि संकेतस्थळावर काही दिसले नाही म्हणून वॉरंट नाही असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. खात्री होते ती मूळ फायलीतली आदेश पत्रिका वाचूनच. कोणत्या तारखेला कोणता हुकूम झाला, समन्स बजावले की न बजावता परत आले, मुचलका जप्त झाला का, हे सारे तिथे ओळीने नोंदलेले असते.

फाइल पाहण्याचा अर्ज वकील करतो. आदेशाची प्रमाणित नक्कल प्रतिलिपी शाखेतून मिळते. ठाण्यातल्या वॉरंटांची माहिती कोर्ट मोहर्रिर, म्हणजे न्यायालयात नेमलेला पोलीस कर्मचारी, याच्याकडून वकिलाला घेता येते. प्रकरण ज्या ठाण्याचे आहे, मग ते कोतवाली असो, लालबाग, शिकारपुरा, गणपती नाका, शहापूर, निंबोला, खकनार किंवा नेपानगर, तिथल्या नोंदवहीतही वॉरंट असते. पण ज्याच्यावर वॉरंट असण्याचा संभव आहे त्याने स्वतः ठाण्यात जाऊन विचारणा करणे म्हणजे अटक ओढवून घेणे आहे. ही चौकशी वकिलानेच करावी.

जुन्या प्रकरणांसाठी आणखी एक ठिकाण ध्यानात ठेवावे. बऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी हा भाग पूर्व निमाड जिल्ह्यात होता आणि त्याचे मुख्यालय खंडवा. त्या काळातल्या प्रकरणाचा माग बऱ्हाणपुरात लागला नाही तर खंडव्याकडेही पाहावे. रेल्वेत घडलेल्या प्रकरणांची चौकशी रेल्वे पोलिसांकडे वेगळी करावी लागते.

हजर होण्याआधीची तयारी

वॉरंट असल्याचे कळल्यानंतर सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पोलिसांच्या आधी न्यायालयात पोहोचणे. आपणहून आलेल्या माणसाच्या गैरहजेरीचे कारण न्यायाधीश ऐकून घेतात. पकडून आणलेल्या माणसाने तेच कारण सांगितले तरी त्याचे वजन कमी होते. हा फरक कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नाही, पण दररोजच्या कामकाजात तो अनुभवाला येतो.

वकील ठरवून वकालतनामा दाखल केला की वॉरंट रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात द्यायचा असतो. सुरुवातीलाच वरचे न्यायालय किंवा पोलीस अधीक्षक यांच्याकडे धावून सहसा उपयोग होत नाही, कारण रद्द करण्याचा अधिकार मुळात वॉरंट काढणाऱ्या न्यायालयाचा आहे. अर्जात गैरहजेरीचे खरे कारण आणि त्याचा पुरावा असावा. दवाखान्याचे कागद, कारखान्याच्या मालकाचे पत्र, त्या काळातले रेल्वेचे तिकीट, पत्ता बदलल्याचे आधार कार्ड, घरातल्या मृत्यूचा दाखला, जे असेल ते जोडावे. कारण साधे असले तरी चालते. बनावट वैद्यकीय दाखला मात्र पकडला गेला तर जुन्या प्रकरणाच्या जोडीला नवा गुन्हा उभा राहतो.

अर्ज करताना सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांचा आधार घेता येतो. इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात २००७ साली न्यायालयाने सांगितले की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि शेवटी अजामीनपात्र वॉरंट असा क्रम सर्वसाधारणपणे पाळावा, कारण प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा आहे. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात २०२२ साली न्यायालय आणखी पुढे गेले. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत, तपासादरम्यान अटक न झालेल्या आणि तपासाला सहकार्य केलेल्या आरोपीने वॉरंट बजावले जाण्याआधी अर्ज करून पुढच्या तारखेला जातीने हजर राहण्याची हमी दिली, तर त्याला त्या दिवशी प्रत्यक्ष आणण्याचा आग्रह न धरता अजामीनपात्र वॉरंट रद्द करता येते किंवा त्याचे जामीनपात्र वॉरंटात अथवा समन्सात रूपांतर करता येते. भिवंडीतून येण्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागणाऱ्या माणसाला या सवलतीचा मोठा आधार आहे. प्रत्येक वकील हा मुद्दा आपणहून मांडतोच असे नाही, म्हणून पक्षकाराने तो विचारून घ्यावा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील माणसे आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. यंत्रमागावरचा मजूर आणि खकनारकडचा आदिवासी शेतकरी या यादीत सहज बसतात. १५१०० हा त्यासाठीचा देशभरचा दूरध्वनी क्रमांक आहे.

हजर होण्याचा दिवस

न्यायालयाचे काम सुरू होतानाच आवारात असावे. अर्जावर सुनावणी, हुकूम, मुचलका लिहून देणे, जामीनदाराची पडताळणी हे सारे त्याच दिवशी उरकले नाही, तर रात्र तुरुंगात काढावी लागण्याची शक्यता असते. म्हणून सुट्ट्या लागण्याच्या आदल्या दिवशी किंवा दुपारनंतर हजर होणे टाळावे. ओळखपत्र, छायाचित्रे आणि जामीनदार सोबत न्यावेत. जामीनदार मागाहून येतो म्हणाला आणि आला नाही, असे घडते आणि त्याची किंमत हजर झालेल्याला मोजावी लागते.

न्यायाधीशांपुढे तीन-चार शक्यता असतात. कारण पटले तर ते ताकीद देऊन वॉरंट रद्द करतात. काही वेळा खर्च म्हणून ठरावीक रक्कम भरायला सांगतात, आणि त्या रकमेची पावती मिळते. पूर्वीचा जामीन रद्द झाला असेल तर नवा मुचलका आणि नवा जामीनदार मागतात. गैरहजेरी फार मोठी असेल, गुन्हा गंभीर असेल, किंवा पूर्वीही असेच झाले असेल, तर न्यायालयीन कोठडी देऊन जामिनाचा अर्ज स्वतंत्रपणे ऐकतात. ही शेवटची शक्यता वकिलाने आधीच स्पष्ट सांगायला हवी. सगळे ठीक होईल, एवढेच सांगून पक्षकाराला उभे करणारा वकील त्याचे नुकसान करतो.

जामीनदार म्हणून शेती असलेला नातेवाईक उभा राहिला की मध्य प्रदेशात त्याची भू-अधिकार ऋण पुस्तिका मागतात. महाराष्ट्रातला नातेवाईक सात-बारा उतारा घेऊन येतो आणि बाहेरचा जामीनदार चालणार नाही असे त्याला ऐकावे लागते. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल मध्य प्रदेशातूनच आलेला आहे. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या प्रकरणात एका गरीब गवंड्याकडे दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन, भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचे ठरवले आणि एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्याचा हुकूम दिला. आपल्याच देशात जिल्ह्याबाहेरचा माणूस परका धरता येत नाही, हा त्या निकालाचा आशय आहे. रावेर किंवा जळगावच्या जामीनदाराची पडताळणी करायला वेळ लागणार हे खरे, पण केवळ पत्ता महाराष्ट्रातला आहे म्हणून तो नाकारला जात असेल तर वकिलाने हा निकाल पुढे ठेवावा. पैसे घेऊन जामीनदार मिळवून देणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. असा जामीनदार बनावट निघाला तर आरोपी पुन्हा आत जातो आणि प्रकरण चिघळते.

पूर्वीचा मुचलका जप्त झाला असेल तर आरोपी आणि जामीनदार दोघांनाही कलम ४९१ खाली रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस निघते. रकमेचा काही भाग माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यासाठी मागणी करावी लागते. मैत्रीखातर सही केलेल्या जामीनदाराने ही नोटीस दुर्लक्षित करू नये. वसुली त्याच्याकडूनही होते.

हद्दीपलीकडची अटक

वॉरंट भारतात कुठेही बजावता येते. बऱ्हाणपूरचे वॉरंट भुसावळला, सुरतेला किंवा हैदराबादेतही चालते. पोलीस ते टपालाने तिथल्या अधिकाऱ्याकडे पाठवतात किंवा स्वतः घेऊन जातात. अटक करताना वॉरंटातील मजकूर सांगणे आणि मागितल्यास ते दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कागदावर न्यायालयाची मोहर आणि न्यायाधीशांची सही असायला हवी.

अटक दुसऱ्या जिल्ह्यात झाली तर पकडलेल्या माणसाला साधारणपणे तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. वॉरंट काढणारे न्यायालय अटकेच्या जागेपासून तीस किलोमीटरच्या आत असेल तर मात्र थेट त्या न्यायालयात नेता येते. हद्दीवरच्या गावांत हा नियम प्रत्यक्ष लागू पडतो. प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत न्यायालयापुढे उभे करणे आवश्यक असते. नव्या संहितेने अटकेची आणि कोठे ठेवले आहे याची माहिती त्या माणसाच्या राहत्या जिल्ह्यातील नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याला कळवण्याची सक्तीही केली आहे. दूरच्या गावी कोणी पकडला गेला तर घरच्यांनी बऱ्हाणपूरच्या अधीक्षक कार्यालयात ही चौकशी करावी. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याला लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते.

वरच्या न्यायालयात जाण्याची वेळ आली तर एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. इंदूर जवळ असले तरी बऱ्हाणपूर जिल्ह्याची प्रकरणे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या जबलपूरच्या मुख्य पीठाकडे जातात. रावेर किंवा मुक्ताईनगरच्या न्यायालयाचे वॉरंट असेल तर प्रकरण जळगाव जिल्हा न्यायालयाच्या आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या अखत्यारीत येते.

प्रकरण उद्घोषणेपर्यंत गेले असेल तर

वॉरंट टाळण्यासाठी माणूस लपून बसला आहे असे न्यायालयाला वाटले तर कलम ८४ खाली उद्घोषणा होते. ठरावीक ठिकाणी, निदान तीस दिवसांनंतरच्या तारखेला हजर व्हा, असा जाहीरनामा गावात वाचला जातो आणि घराच्या दारावर व न्यायालयात लावला जातो. त्यानंतर मालमत्ता जप्त होऊ शकते. उद्घोषणेनंतरही हजर न होणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली वेगळा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत, आणि गंभीर गुन्ह्यात फरार घोषित झालेल्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फरार घोषित झालेल्याचा खटला आता त्याच्या गैरहजेरीतही चालवून निकाल देता येतो. अशा माणसाला अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे. या टप्प्यावर अनुभवी फौजदारी वकिलाशिवाय एकही पाऊल टाकू नये.

धनादेश, पोटगी आणि आपसात मिटलेली प्रकरणे

केळीच्या आणि कापडाच्या व्यवहारात धनादेश न वटल्याचे खटले होतात, आणि पुष्कळदा पैसे देऊन झाल्यावर दोन्ही बाजू न्यायालयात जाणे सोडून देतात. पैसे पोहोचले तरी तडजोडीचा अर्ज दाखल करून न्यायालयाकडून प्रकरण बंद करून घेतल्याशिवाय वॉरंट थांबत नाही. राष्ट्रीय लोकअदालतीत अशी प्रकरणे एका दिवसात निकाली निघतात. पण वॉरंट असलेल्याने लोकअदालतीची वाट पाहत बसू नये. आधी हजर व्हावे, मग प्रकरण तिथे ठेवण्याची विनंती करावी.

पोटगीचे वॉरंट निराळ्या जातीचे असते. पत्नी माहेरी राहत असेल तर तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते, म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या नवऱ्यावर बऱ्हाणपूरच्या न्यायालयाचे वॉरंट येते. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. रक्कम भरणे किंवा हप्ते मागून काही भाग लगेच भरणे, हाच इथला मार्ग. उत्पन्न खरोखर घटले असेल तर रक्कम कमी करण्याचा वेगळा अर्ज करता येतो. हजर न राहून ती कमी होत नाही.

रद्द झाल्यानंतरचे काम

वॉरंट रद्द झाल्याचा हुकूम झाला की बहुतेक जण घरी जातात, आणि इथेच मोठी चूक होते. हुकूम फायलीत असतो, पण वॉरंटाचा कागद ठाण्यात पडून असतो. मुंबईतील एका वकिलाविरुद्धचे वॉरंट २००२ साली रद्द झाले होते. तरी काही दिवसांतच, १५ ऑगस्ट रोजी, पोलिसांनी त्याला त्याच वॉरंटावर अटक केली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ च्या निकालात न्यायालयांना सूचना मिळाल्या: वॉरंटांची नोंदवही ठेवावी, रद्द झाल्याची नोंद तिच्यात आणि फायलीत करावी, हुकुमाची प्रत पोलिसांना पाठवून वॉरंट न बजावता परत मागवावे आणि एक प्रत आरोपीलाही द्यावी. जिथे कायद्याचा जाणकार माणूसही सुटला नाही, तिथे सामान्य माणसाने ही प्रत हट्टाने मागून घ्यायला हवी.

रद्द केल्याच्या हुकुमाची प्रमाणित प्रत घ्यावी. तिची एक प्रत संबंधित ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. वॉरंट दुसऱ्या जिल्ह्यात पाठवले गेले असेल तर तिथेही हेच करावे. कामासाठी बाहेरगावी राहणाऱ्याने हुकुमाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे. पुढची प्रत्येक पेशी लिहून ठेवावी. येणे अशक्य असेल त्या दिवशी वकिलाकरवी हाजिरी माफीचा अर्ज आधीच द्यावा. कलम ३५५ त्यासाठीच आहे, आणि योग्य प्रकरणात कलम २२८ खाली कायमची सूटही मागता येते.

वॉरंटाच्या नावाने होणारी फसवणूकही आता गावागावांत पोहोचली आहे. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर न्यायालयाचा शिक्का असलेला कागद पाठवून, पैसे भरा नाहीतर अटक होईल, अशी धमकी दिली जाते. नव्या कायद्याने समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवता येते, म्हणून फोनवर आलेला प्रत्येक कागद खोटा ठरत नाही. पण वॉरंट रद्द करण्यासाठी कोणतेही न्यायालय किंवा पोलीस ठाणे फोनवरून पैसे मागत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक होत नाही. कागदावरचा प्रकरण क्रमांक ई-कोर्ट्सवर पडताळून पाहावा आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आखाती देशात नोकरीला जाऊ पाहणाऱ्यांनी ही चौकशी पासपोर्टचा अर्ज करण्याआधीच करावी. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे न्यायालयाचे वॉरंट किंवा समन्स अमलात असेल तर पासपोर्ट नाकारता येतो आणि दिलेला जप्तही करता येतो. वॉरंट रद्द होऊनही खटला चालू असेल, तर परदेशी जाण्यासाठी त्याच न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. हा अर्ज तिकीट काढण्याच्या बराच आधी, नोकरीचे पत्र आणि परत येण्याची तारीख जोडून करावा.